गावचे घर आणि आयकराची मोजपट्टी

ज्याला दुसरे घर आहे तो संपन्न, आणि संपन्नावर कर बसवणे न्याय्य, ही आपल्या करव्यवस्थेची फार जुनी धारणा आहे. मुंबईत राहून लोणावळ्याला किंवा अलिबागला बंगला बांधणाऱ्याच्या बाबतीत ती खरीही आहे. परंतु भंडारा जिल्ह्यात 'दुसरे घर' या शब्दांचा अर्थ निराळा आहे. येथे दुसरे घर बहुधा कोणी हौसेने विकत घेतलेले नसते. ते वडिलांनी किंवा आजोबांनी बांधलेले, कवेलूंचे, मातीच्या जाड भिंतींचे आणि सागवानी तुळयांचे गावचे घर असते. मुलगा जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत लागला, वरठीच्या किंवा गडेगावच्या कारखान्यात चिकटला, चिखल्याच्या मँगनीज खाणीवर गेला, नागपूर-पुण्याला स्थायिक झाला. नोकरीच्या गावी त्याने कर्ज काढून पहिले घर घेतले आणि गावचे घर आपोआप 'दुसरे' ठरले. मालकाची ऐपत न वाढता घरांची संख्या वाढली.

अशा घराच्या बाबतीत आयकराचा कायदा मालकाशी तीन प्रसंगी बोलतो: तो तेथे राहतो तेव्हा, दुरुस्ती करतो तेव्हा आणि विकतो तेव्हा. या तिन्ही प्रसंगांचे गणित एकत्र मांडून पाहिले, तर एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो. घर विकणाऱ्याला आणि विकून नवे घेणाऱ्याला हा कायदा भरभरून सवलत देतो. घर राखणाऱ्याला मात्र जवळजवळ काहीच देत नाही. किती घरे आहेत हे कायदा मोजतो. ती कोणत्या प्रकारची आहेत, त्यांचे मोल काय आणि त्यांचा सांभाळ कोण करतो, हे मोजत नाही. सातही तालुक्यांत कोसळत चाललेल्या जुन्या घरांची कारणे अनेक आहेत हे खरे. पण त्यात या चुकीच्या मोजपट्टीचाही वाटा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

राहणाऱ्याचे गणित

१९६१ च्या आयकर कायद्याने घरावरचा कर प्रत्यक्ष भाड्यावर नव्हे, तर घराच्या 'वार्षिक मूल्या'वर बसवला. घर भाड्याने दिले असते तर वाजवी भाडे किती आले असते, हा तो विचार. मालक स्वतः राहत असलेल्या घराचे हे मूल्य शून्य धरले जाई. पण ही मुभा अनेक वर्षे एकाच घरापुरती होती. नागपूरला स्वतःच्या सदनिकेत राहणाऱ्या माणसाचे लाखांदूर तालुक्यातील कुलूपबंद घर कायद्याच्या दृष्टीने 'भाड्याने दिलेले' ठरे, आणि न मिळालेल्या भाड्यावर कर देणे त्याच्यावर बंधनकारक होई. ही गोष्ट अनेकांना ठाऊकही नव्हती, आणि बहुतेकांनी ती कधी विवरणपत्रात दाखवली नाही, हा भाग वेगळा. त्याखेरीज संपत्तिकर होता. तो २०१५ च्या अर्थसंकल्पाने रद्द झाला.

२०१९ च्या अर्थसंकल्पाने दोन घरांचे वार्षिक मूल्य शून्य धरण्याची तरतूद केली आणि मोठा अन्याय दूर झाला. तरीही एक अट शिल्लक होती. घरात मालक राहत तरी असावा, नाहीतर नोकरी वा व्यवसायामुळे राहू शकत नाही असे तरी त्याने दाखवावे, अशी ती अट. २०२५ च्या अर्थसंकल्पाने तीही काढून टाकली. आता कोणत्याही कारणाने मालक राहत नसला तरी दोन घरांपर्यंत काल्पनिक भाड्याची भीती नाही. १९६१ च्या कायद्याची जागा घेणारा २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ या तारखेपासून लागू होतो. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पण येथे ज्या तरतुदींची चर्चा केली आहे त्यांचा गाभा तोच राहिला आहे. वाचकांच्या परिचयाचे म्हणून या लेखात जुनेच क्रमांक वापरले आहेत.

मात्र तिसरे घर अजूनही काल्पनिक भाड्याच्या कक्षेत येते, आणि मध्यमवर्गीय कुटुंबात तिसरे घर वाटते तितके दुर्मिळ नाही. भंडाऱ्याला स्वतःचे घर, मुलांच्या शिक्षणासाठी नागपूरला घेतलेली लहानशी सदनिका आणि गावच्या वाड्यातील चौथा हिस्सा, असे मिळूनही तीन होतात. कारण सहमालकांचे हिस्से निश्चित असतील तर प्रत्येकाचा हिस्सा त्याच्या नावे स्वतंत्रपणे धरला जातो. अशा वेळी कोणती दोन घरे 'राहती' धरायची, हे ठरवण्याचा अधिकार करदात्याचा आहे. जेथे भाडेकरू मिळणेच कठीण अशा खेड्यातील घराचे वाजवी भाडे नाममात्र असते. म्हणून शहरातील दोन घरे राहती दाखवून गावच्या घराचे नाममात्र भाडे विवरणपत्रात दाखवावे, हे शहाणपणाचे.

येथेच कायद्यातील पहिली विसंगती दिसते. घर भाड्याने दिले, किंवा दिल्याचे धरले गेले, तर भाड्यातून सरसकट तीस टक्के वजावट मिळते. मालकाने वर्षभरात एक कवेलूही बदलले नसले तरी ती मिळते. उलट जो स्वतः सुट्टीत येऊन राहतो, मिरगाच्या आधी कवेलू फेरतो, भिंती लिंपून घेतो, त्याला त्या खर्चापोटी एक रुपयाचीही वजावट नाही. त्याच्या घराचे मूल्य शून्य धरलेले असल्यामुळे वजा करायलाच काही उरत नाही, हे तर्काने बरोबर आहे. पण तर्काने बरोबर असलेली गोष्ट धोरण म्हणून योग्य असतेच असे नाही.

दुरुस्तीचे सावत्र स्थान

दुरुस्तीसाठी कर्ज काढले तर काय होते ते पाहू. जुन्या करपद्धतीत राहते घर बांधण्यासाठी किंवा विकत घेण्यासाठी काढलेल्या कर्जावरील व्याजाची वजावट दोन लाख रुपयांपर्यंत मिळते; २०१४ मध्ये ही मर्यादा दीड लाखावरून वाढवण्यात आली. मात्र तेच कर्ज दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी काढले असेल, तर मर्यादा केवळ तीस हजारांची. वीस वर्षांहून अधिक काळ ही तीस हजारांची रेघ जागची हललेली नाही. या काळात सिमेंट, लोखंड, सुताराची आणि गवंड्याची मजुरी कोठून कोठे गेली, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. त्यातून २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करपद्धती हीच मूळ पद्धती मानली जाते, आणि तिच्यात राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट मुळीच नाही. म्हणजे बहुसंख्य पगारदारांच्या बाबतीत ते तीस हजारही गेले.

दुरुस्तीच्या खर्चावर अप्रत्यक्ष कर मात्र पुरेपूर भरावा लागतो. सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, हे स्वागतार्ह आहे. पण लोखंड, रंग आणि कंत्राटदाराची सेवा यांवर साधारण तेवढाच कर आहे, आणि कारखानदाराला मिळतो तसा भरलेल्या कराचा परतावा घरमालकाला मिळत नाही. परिणामी पक्के बिल न घेता माल उचलण्याचा मोह होतो. तो मोह किती महाग पडतो, हे घर विकताना कळते.

कारण दुरुस्ती आणि सुधारणा यांत कायदा भेद करतो. चुना मारणे, कवेलू फेरणे, गिलावा नवा करणे, मोडके दार बसवणे ही दुरुस्ती. तिचा खर्च विक्रीच्या वेळीही विचारात घेतला जात नाही. पण कवेलूंच्या जागी पक्के छत घालणे, न्हाणीघर व शौचालय बांधणे, जोते उंचावणे, एखादी खोली वाढवणे ही सुधारणा, आणि तिचा खर्च घराच्या मूळ किमतीत मिळवता येतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या महापुराने भंडारा शहरात आणि नदीकाठच्या गावांत असंख्य घरांत पाणी शिरले. त्यानंतर अनेकांनी घरे सावरली. त्यातील नुसती डागडुजी किती आणि जोते वा भिंत नव्याने उभारण्याचा खर्च किती, हे ज्यांनी त्या वेळी बिलांसह वेगळे लिहून ठेवले त्यांनाच उद्या त्याचा उपयोग होईल. बाकीच्यांचा पैसा पाण्याबरोबर गेला असेच समजावे.

विक्रीचा हिशेब

आता तिसरा प्रसंग. भांडवली नफ्यावरचा कर भारतात प्रथम १९४७ मध्ये आला, थोड्याच काळात गेला, आणि केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांच्या अहवालानंतर १९५६ मध्ये परत आला. मालमत्तेची किंमत वाढून झालेला लाभ हेही उत्पन्नच आहे, हे त्यामागचे तत्त्व योग्य आहे. परंतु किंमत वाढण्यात खरा लाभ किती आणि रुपया स्वस्त झाल्याचा आभास किती, हा प्रश्न त्या तत्त्वाइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर म्हणून महागाईचा निर्देशांक लावून मूळ किंमत वाढवून घेण्याची सोय कायद्यात होती. २३ जुलै २०२४ पासून ती काढून घेण्यात आली, आणि दीर्घ मुदतीच्या नफ्यावरील कर २० टक्क्यांवरून १२.५ टक्के झाला. मोठी ओरड झाल्यावर, त्या तारखेपूर्वी घेतलेली जमीन किंवा इमारत विकणाऱ्या निवासी व्यक्तीला दोन्ही पद्धतींपैकी जिच्यात कर कमी तो भरण्याची मुभा मिळाली. मात्र परदेशात स्थायिक होऊन 'अनिवासी' ठरलेल्या भावाला त्याच वाड्यातील आपल्या हिश्श्यासाठी ही मुभा नाही.

वडिलोपार्जित घराच्या बाबतीत किंमत कोणती धरायची? वारसाने आलेल्या घराला मूळ मालकाची किंमत आणि मूळ मालकाचा काळ लागू होतो. निर्देशांकही मूळ मालकाच्या काळापासून मोजावा, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असेल तर त्या दिवसाची बाजारभावाची किंमत मूळ किंमत म्हणून घेता येते. मात्र त्या तारखेचे मुद्रांक-मूल्य उपलब्ध असेल, तर त्याहून अधिक नाही. २००१ पूर्वी केलेल्या सुधारणांचा खर्च वेगळा मिळत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पवनी तालुक्यातील एका जुन्या घराची १ एप्रिल २००१ ची किंमत ३ लाख रुपये आहे. २०१०-११ मध्ये १ लाख ६७ हजार रुपये खर्चून पक्के छत घातले. २०२५-२६ मध्ये घर २० लाखांना विकले. निर्देशांक २००१-०२ चा १००, २०१०-११ चा १६७ आणि २०२५-२६ चा ३७६ आहे. त्यामुळे मूळ किंमत ११ लाख २८ हजार आणि छताचा खर्च ३ लाख ७६ हजार, मिळून १५ लाख ४ हजार होतात. नफा ४ लाख ९६ हजार. त्यावर २० टक्के दराने कर ९९,२०० रुपये. निर्देशांकाविना नफा १५ लाख ३३ हजार; त्यावर १२.५ टक्के दराने कर १,९१,६२५ रुपये. (अधिभार व उपकर येथे धरलेले नाहीत.) येथे जुनी पद्धत लाभाची ठरते. तेच घर ४० लाखांना गेले असते तर निर्देशांकासह कर ४,९९,२०० आणि निर्देशांकाविना ४,४१,६२५ झाला असता, म्हणजे नवी पद्धत लाभाची ठरली असती. ज्याच्या घराची किंमत महागाईहून फारशी अधिक वाढली नाही, त्याला निर्देशांक हवा. ज्याच्या घराची किंमत कितीतरी पटींनी वाढली, त्याला कमी दर हवा. खेड्यातले घर बहुधा पहिल्या प्रकारचे असते आणि महानगरातले दुसऱ्या. २०२४ नंतर घेतलेल्या घरांना निर्देशांक नाहीच. म्हणजे पुढच्या पिढीत या बदलाचा भार कोणत्या घरांवर पडेल, हे उघड आहे.

आता समजा, छताची बिले ठेवली नाहीत. मग ३ लाख ७६ हजारांची वजावट जाते, नफा ८ लाख ७२ हजारांवर पोहोचतो आणि कर १,७४,४०० रुपये होतो. त्या हरवलेल्या बिलांची किंमत ७५,२०० रुपये! पंधरा वर्षांपूर्वी बिलाशिवाय माल घेऊन जे काही हजार वाचवले, त्यापेक्षा ही रक्कम कितीतरी मोठी आहे.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, असे सर्वत्र बोलले जाते. ही सूट विशेष दराने कर लागणाऱ्या भांडवली नफ्याला लागू नाही. एवढेच नव्हे, तर बारा लाखांची मर्यादा पाहताना नफाही एकूण उत्पन्नात धरला जातो. त्यामुळे घर विकलेल्या वर्षी निवृत्तिवेतनावरची सूटही हातची जाऊ शकते. करमुक्त उत्पन्नाची चार लाखांची मूळ मर्यादा मात्र शिल्लक असल्यास नफ्याविरुद्ध वापरता येते.

बहिणीची सही

या शेवटच्या मुद्द्याला आपल्या समाजात वेगळे महत्त्व आहे. वडिलोपार्जित घर विकायचे ठरले की बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची घाई सुरू होते. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो निःसंदिग्ध केला. तरीही 'साडीचोळी'वर हा हक्क सोडवून घेण्याची रीत चालूच आहे. न्यायाची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवली, तरी हा व्यवहार कराच्या दृष्टीनेही तोट्याचा आहे. वरील उदाहरणात दोन भाऊ आणि दोन बहिणी समान हिस्सेदार असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला निर्देशांकासह १ लाख २४ हजारांचा, निर्देशांकाविना ३ लाख ८३ हजार २५० रुपयांचा नफा येतो. बहिणींना दुसरे उत्पन्न नसेल, तर कोणत्याही रीतीने तो चार लाखांच्या आत राहतो आणि त्यांना कर शून्य. नोकरदार भावांना प्रत्येकी २४,८०० रुपये. म्हणजे एकूण कर ४९,६००. बहिणींनी हक्क सोडला तर सगळा नफा भावांच्या नावे येऊन कर ९९,२०० होतो. बहिणीचा वाटा हिरावून घेतला तर सरकारचा वाटा वाढतो, एवढे तरी भावांनी ध्यानात घ्यावे.

कागदावरची किंमत

विक्रीच्या वेळी आणखी दोन ठिकाणी ठेच लागते. पहिले ठिकाण रेडी रेकनर. खरेदीखतातील किंमत मुद्रांक-मूल्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी असेल, तर आयकर विभाग मुद्रांक-मूल्य हीच विक्रीची किंमत मानतो. शहरात खरी किंमत लपवण्याच्या प्रवृत्तीला आळा घालण्यासाठी हा नियम आला आणि तेथे तो आवश्यकही आहे. पण खेड्यात भिंत खचलेल्या, भाऊबंदकीत अडकलेल्या घराला खरोखरच रेकनरपेक्षा कमी किंमत येते. अशा वेळी विक्रेत्याला मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवण्याची मागणी करता येते. पण हा हक्क माहीत असलेले विक्रेते किती? दुसरे ठिकाण रोखीचे. १ जून २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणे निषिद्ध आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच आहे. 'इसार तेवढा रोख द्या' ही आपल्याकडची पद्धत आता विक्रेत्याच्या गळ्यात येऊ शकते.

शेत आणि घर यांत कायद्याने केलेला भेदही लक्षात ठेवण्यासारखा आहे. नगरपालिका हद्दीबाहेर आणि विहित अंतरापलीकडे असलेली शेतजमीन 'भांडवली मत्ता' नाही. ती विकून झालेल्या नफ्यावर आयकर नाही. दहा हजारांहून अधिक व एक लाखापर्यंत लोकसंख्येच्या नगराबाबत हे अंतर दोन किलोमीटर आहे, आणि २०११ च्या जनगणनेनुसार भंडारा शहरही याच वर्गात मोडते. पण त्याच शेतकऱ्याच्या गावठाणातील घराला ही सूट नाही. पाच एकर धानाची जमीन विकणारा करमुक्त, आणि तीन खोल्यांचे घर विकणारा करपात्र!

विक्री ऐच्छिक नसते तेव्हा तर हा भेद अधिकच बोचतो. गोसीखुर्द प्रकल्पाची कोनशिला १९८८ मध्ये बसली आणि वैनगंगेकाठची गावे उठली. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालील निवाड्याने मिळालेली भरपाई, घराची असो वा जमिनीची, आयकरातून मुक्त आहे; २०१६ मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून तसे स्पष्ट केले. परंतु १८९४ च्या जुन्या कायद्याखाली झालेल्या निवाड्यांतील घरांच्या भरपाईला ही मुक्ती नाही. धरण एकच असले, तरी निवाड्याच्या तारखेवरून एकाचे घर करमुक्त आणि दुसऱ्याचे करपात्र ठरते.

विका, मोडा, पण राखू नका

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. घर विकून झालेला नफा कलम ५४ अन्वये नव्या घरात गुंतवला तर कर लागत नाही. विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षे नंतर घर विकत घ्यावे, अथवा तीन वर्षांत बांधावे. तोवर पैसे १९८८ च्या योजनेप्रमाणे बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवावेत. या सवलतीची कमाल मर्यादा किती? दहा कोटी रुपये! आणि तीही २०२३ च्या अर्थसंकल्पाने प्रथमच घातली. त्यापूर्वी मर्यादाच नव्हती. घर नको असेल तर ठराविक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत सहा महिन्यांच्या आत पन्नास लाखांपर्यंत रक्कम पाच वर्षांसाठी गुंतवून कर वाचवता येतो.

परंतु समजा, एखाद्या निवृत्त शिक्षकाने नागपूरची सदनिका विकली आणि आलेला नफा गावच्या वाड्याचे छत, तुळया, भिंती सावरण्यात घालून तेथे राहायचे ठरवले. त्याला सवलत नाही. कारण कायद्यातले शब्द 'खरेदी' आणि 'बांधकाम' हे आहेत. त्याने तो वाडा जमीनदोस्त केला आणि त्याच जागी सिमेंटची नवी इमारत उभारली, तर ते 'बांधकाम' ठरून सवलतीस पात्र होते. जुने घर पाडणाऱ्याला प्रोत्साहन आणि राखणाऱ्याला दंड, असे धोरण संसदेने विचारपूर्वक ठरवले असेल असे वाटत नाही. पण शब्दांचा परिणाम तोच आहे. उन्हाळ्यात गारवा देणारी, गावातल्याच सुतार-कुंभाराला काम देणारी घरे ओसाड पडण्यामागे पैशाचे हे गणितही आहे.

यावर एक सरळ आक्षेप येईल. ज्यांना एकही पक्के घर नाही अशी कुटुंबे आजही आहेत. त्यांच्यासाठी २०१६ पासून प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजना राबवावी लागते. अशा देशात दोन घरे असणाऱ्यांना आणखी सवलत का द्यावी? आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. किंबहुना प्रस्तुत मागणी त्या आक्षेपाशी सुसंगतच आहे. आजची सवलत मोजदादीने मिळते. अलिबागचा कोट्यवधींचा बंगला आणि लाखनीजवळची ओसरी-पडवी दोन्ही 'दुसरे घर' म्हणून सारख्याच शून्य मूल्याची. दहा कोटींपर्यंतचा नफा करमुक्त करण्याइतकी ज्या तिजोरीची ऐपत आहे, तिला खेड्यातल्या घराच्या छताचे दोन-तीन लाख जड जाऊ नयेत. सवलतीची एकूण रक्कम वाढवा असे येथे म्हणणे नाही. ती वरून काढून खाली द्या, असे म्हणणे आहे.

त्यासाठी चार गोष्टी व्हाव्यात. कलम ५४ च्या लाभाची मर्यादा बरीच खाली आणून, त्यात ग्रामपंचायत व लहान नगरांच्या हद्दीतील जुन्या घराच्या नूतनीकरणाचा खर्च, एका वाजवी मर्यादेपर्यंत, समाविष्ट करावा. दुरुस्तीच्या कर्जावरील व्याजाची तीस हजारांची मर्यादा महागाईशी जोडावी आणि ठराविक मूल्याखालील घरांसाठी ती नव्या करपद्धतीतही द्यावी. दोन घरांची मोजणी सोडून घरांच्या एकूण मूल्यावर सूट ठरवावी. म्हणजे एक महागडा बंगला आणि तीन पडकी घरे यांतील फरक कायद्याला दिसू लागेल. आणि घरांच्या सक्तीच्या संपादनाची भरपाई, निवाडा कोणत्याही कायद्याखाली झालेला असो, करमुक्त करावी.

हे होईल तेव्हा होईल. तोवर घरमालकांनी आपल्या हाती असलेले करावे. स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. तिच्याखाली गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रके दिली जातात. आपल्या घराचे पत्रक बरोबर झाले आहे काय, त्यात सर्व वारसांची, बहिणींसह, नावे आली आहेत काय, हे तपासावे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर आजोबांचेच नाव असेल तर वारसनोंद करून घ्यावी आणि घरपट्टीच्या पावत्या जपाव्यात. २००१ च्या किमतीचा दाखला नोंदणीकृत मूल्यांककाकडून, शक्य तर घर उभे आहे तोवरच, करून घ्यावा. पडलेल्या घराचे मूल्य सिद्ध करणे अवघड असते. छत, शौचालय, विहीर, वीज यांवर होणाऱ्या प्रत्येक खर्चाचे पक्के बिल घ्यावे, पैसे बँकेतून द्यावेत, आणि हे सर्व कागद एका पेटीत, पुढच्या पिढीला सापडतील असे ठेवावेत.

गावचे घर विकणे हा गुन्हा नाही. अनेकांना ते विकावे लागेल, आणि त्यांनी योग्य तो कर भरून उजळ माथ्याने विकावे. आग्रह एवढाच आहे की, घर राखायचे की विकायचे हा निर्णय कुटुंबाने आपल्या गरजेने आणि ओढीने घ्यावा. कायद्याच्या कलमांनी तो आधीच विक्रीच्या बाजूने झुकवून ठेवू नये. जो कायदा विटा-सिमेंटच्या प्रत्येक नव्या इमारतीपुढे इतका उदार होतो, त्याने वाकलेल्या तुळईला टेकू देणाऱ्या माणसाकडेही एकदा पाहावे.